सहाशेपैकी सहाशे तीन?

चवथीच्या दुसऱ्या दिवशी फोंड्याच्या आमच्या घरी पंगत उठली होती आणि गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून गप्पा चालल्या होत्या. बहिणीनं कौतुकानं सांगितलं की लेकीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, रायफल शूटिंगच्या स्पर्धेत 603.4 गुण मिळवले. थोरल्या काकांनी लगेच विचारलं, "किती पैकी?" भाची म्हणाली, "साठ गोळ्या असतात." काका निवृत्त शिक्षक. त्यांनी तोंडी हिशेब केला: साठ गोळ्या, एका गोळीला दहा, झाले सहाशे. "सहाशेपैकी सहाशे तीन? अगो, पेपर तपासायला होतं कोण?"

हशा ओसरतो न ओसरतो तोच काकूंचा प्रश्न आला: "आणि झोपून मारायचं म्हणे. मग त्यात कठीण ते काय?"

भाची ताटं उचलायच्या निमित्तानं आत सटकली. तिला याची सवय आहे. मी तीन वर्षं तिचा ड्रायव्हर आणि हमाल असल्यामुळे उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली. तिथं नीट देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. काकूंचा प्रश्न आधी घेतो, कारण तो वाटतो तितका भाबडा नाही.

प्रकाराचं नाव '50 मीटर रायफल प्रोन'. प्रोन म्हणजे पोटावर झोपून. अंतर पन्नास मीटर, साधारण अडीच क्रिकेट पिच. रायफल पॉइंट टू टू, गोळीचा व्यास 5.6 मिलिमीटर, वजन जेमतेम अडीच ग्रॅमच्या वर. रायफलीवर दुर्बीण चालत नाही. गोळी दर वेळी एकच भरायची. साठ गोळ्या आणि पन्नास मिनिटं.

झोपून मारायचं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवून पडलेला सिनेमातला सैनिक येतो. इथं तेच चालत नाही. या खेळाचं नियमपुस्तक जाडजूड आहे, पण प्रोनपुरतं बघितलं तर त्यातल्या बहुतेक कलमांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: रायफल कुणी धरली आहे? उत्तर 'माणसानं' असलं पाहिजे. जमिनीनं नाही, कपड्यांनी नाही, कुठल्या टेकूनं नाही.

म्हणून नियम सांगतो की रायफलीला आधार फक्त दोन हातांचा आणि एका खांद्याचा. गाल दस्त्याला टेकवता येतो. कोपरं जमिनीवर टेकलेली असतात, पण कोपराच्या पुढचा हात आणि त्यावरची बाही जमिनीपासून उचललेली स्पष्ट दिसली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम कोनाचं: ज्या हातावर रायफल तोलली आहे, तो कोपरापासून मनगटापर्यंत जमिनीशी किमान 30 अंशांचा कोन करून हवा. हा आकडा का, ते घरी करून बघा. चटईवर पोटावर झोपा आणि डाव्या तळव्यावर एक जाड पुस्तक तोला. कोपर जवळ ओढून हात उभा ठेवलात तर पुस्तक थरथरतं. हात पुढं पसरत जा, जसजसा तो जमिनीकडं आडवा होईल तसतशी थरथर कमी होते, आणि शेवटी तुम्ही काही धरतच नाही, जमीन धरते. 30 अंशांच्या खाली माणसाचा टेकू होतो, असं नियम करणाऱ्यांनी ठरवलं. पंच शंका आल्यावर कोनमापक घेऊन येतात आणि शेजारी वाकून मोजतात. ते दृश्य बघून मला दरवेळी काकांचा भूमितीचा तास आठवतो.

मग पट्टा. याला सगळे स्लिंगच म्हणतात. रुंदी जास्तीत जास्त 40 मिलिमीटर. एक टोक दंडाला आवळलेलं, दुसरं रायफलीच्या पुढच्या भागाला अडकवलेलं. हात, दंड आणि पट्टा मिळून त्रिकोण होतो आणि रायफलीचं वजन स्नायूंवरून हाडांवर आणि पट्ट्यावर जातं. वजन म्हणजे किती? जास्तीत जास्त आठ किलो. एवढी जड वस्तू पन्नास मिनिटं नुसत्या स्नायूंच्या जोरावर कुणी धरू शकत नाही, म्हणून स्लिंगला परवानगी. उभं राहून मारताना मात्र स्लिंग अजिबात चालत नाही.

स्लिंगचा एक वांधा असा, जो मला भाचीनं दाखवेपर्यंत कळला नव्हता. एकदा सरावात तिनं मला रिकाम्या रायफलीमागं झोपवलं, पट्टा आवळला आणि म्हणाली, "मामा, आता नुसतं बघत राहा." नळीच्या टोकाला नेम धरायची कडी असते, ती हलत होती. ठक, ठक, ठक, अगदी तालात. मला वाटलं माझा हात कापतोय. ती म्हणाली, "ते तुमचं हृदय आहे." पट्टा दंडाच्या शिरेवर बसला की नाडी थेट रायफलीत उतरते. मी आदल्या रात्री नीट झोपलो नव्हतो आणि सकाळी दोन कप चहा झाला होता, हे त्या कडीनं सांगून टाकलं. पट्टा दंडावर कुठं, किती घट्ट, हे प्रत्येकाला महिनोन्महिने शोधावं लागतं.

जॅकेटबद्दलही लोक विचारतात, कारण ते चिलखतासारखं दिसतं. कापड जाड आणि ताठ असतं, पण किती, याला मर्यादा आहे. एका पदराची जाडी 2.5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ताठपणा मोजायला वेगळं यंत्र आहे. कारण पुन्हा तेच: कापड इतकं कडक झालं की तेच अंगाला साच्यासारखं धरून ठेवेल, तर मग माणसानं काय केलं? ही तपासणी स्पर्धेआधी होते आणि स्पर्धा संपल्यावर चिठ्ठी काढून काहींची पुन्हा होते. नंतरच्या तपासणीत नापास झालात तर थेट बाद, मग साठच्या साठ गोळ्या मधोमध लागलेल्या का असेनात. आपल्याकडच्या मे महिन्यात ते जॅकेट घालून सराव करणं म्हणजे काय, ते लिहीत नाही. वाळत घातलेलं जॅकेट आणि शेजारी घोंघावणारा पंखा, हे आमच्या बहिणीच्या ओसरीवरचं कायमचं चित्र आहे.

आता नेम. दुर्बीण नाही, अधिकचं चिन्हही नाही. मागं डोळ्याशी एक बारीक भोक, नळीच्या टोकाला एक कडी. त्या कडीत समोरचा काळा गोल बसवायचा. हे शब्दांत सांगणं कठीण जात होतं, मग मला तबला सापडला. तबल्याची पुडी वरून बघा: मधोमध काळी शाई, भोवती सगळीकडं सारखी पांढरी जागा, आणि कडेला चाट. बस्स, शूटरला हेच दिसायला हवं. काळा गोल म्हणजे शाई, कडी म्हणजे चाट, आणि मधली पांढरी पट्टी चारी बाजूंनी सारख्या रुंदीची. डग्ग्याची शाई एका बाजूला सरकलेली असते. चित्र डग्ग्यासारखं दिसलं तर चाप दाबायचा नाही. आमच्या घरात भजनी मंडळी भरपूर, त्यामुळे तबला दिसला तर मार, डग्गा दिसला तर थांब, हे काकूंनाही एका वाक्यात पटलं.

तबला दिसायला श्वास सोडून क्षणभर थांबावं लागतं, कारण छाती जमिनीवर असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर नळी वरखाली होते. आणि अंग मुळात योग्य दिशेला पडलेलं असावं लागतं. चांगले शूटर डोळे मिटतात, श्वास सोडतात, डोळे उघडतात. कडी काळ्या गोलावरून सरकलेली दिसली तर हातानं ओढून आणत नाहीत, कंबर किंचित सरकवतात. ओढून आणलेली रायफल चाप दाबताना परत आपल्या जागी जाते आणि गोळी तिच्यामागोमाग.

हा झाला काकूंचा प्रश्न. काकांचा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण त्यात गणित आहे.

टार्गेट डोळ्यांसमोर आणा. मधला काळा गोल 112.4 मिलिमीटर, जुन्या सीडीपेक्षा थोडा लहान. त्याच्या आत-बाहेर एकात एक कड्या. 9 गुणांच्या कडीचा व्यास 26.4 मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढा. 10 ची कडी 10.4 मिलिमीटर: शर्टाचं बटण. अडीच पिचवरून शर्टाचं बटण. गोळी कडीच्या रेषेला नुसती चाटून गेली तरी वरचे गुण मिळतात, कॅरममध्ये रेषेला लागलं म्हणून जशी भांडणं होतात त्यातलं इथं काही नाही.

पूर्वी हिशेब काकांच्याच पद्धतीचा होता. दहाच्या कडीत गोळी गेली की दहा. कडेला लागली तरी दहा, मधोमध लागली तरी दहा. साठ गोळ्यांचे कमाल 600. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बेलारूसच्या सर्गेई मार्तिनोव्हनं प्राथमिक फेरीत 600 पैकी 600 मारले. त्यानंतर दहा गोळ्यांची अंतिम फेरी असे आणि ती तेवढी दशांशात मोजत. तिथं त्यानं 105.5 मिळवले आणि एकूण 705.5 वर सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत आपला जॉयदीप कर्माकार 595 आणि 104.1 असे मिळून 699.1 वर चौथा आला. कांस्य 1.9 गुणांनी हुकलं. लोकांना त्या वर्षीचं गगन नारंगचं कांस्य आठवतं, ते दहा मीटर एअर रायफलचं होतं. कर्माकार कुणाला आठवत नाही. चौथ्याचं असंच असतं.

2013 पासून प्रोनच्या साठही गोळ्या दशांशात मोजू लागले. आता एका गोळीचे जास्तीत जास्त गुण 10 नाहीत, 10.9 आहेत. साठ गोळ्यांचे 654. म्हणजे काकांना द्यायचं उत्तर: सहाशेपैकी नव्हे, सहाशे चोपन्नपैकी.

पण 10.9 हा आकडा येतो कुठून? एकदा समजलं की विसरता येत नाही. दोन कड्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर. त्याचे दहा भाग केले, प्रत्येक 0.8 मिलिमीटरचा. आता गोळीच्या भोकाचा मध्यबिंदू टार्गेटच्या मध्यापासून किती दूर आहे, ते मोजा. 0.8 मिलिमीटरच्या आत: 10.9. 1.6 च्या आत: 10.8. 2.4 च्या आत: 10.7. असं करत 8 मिलिमीटरला 10.0 संपतो. त्याच्या जरा बाहेर गेलं की 9.9. आणि 16 मिलिमीटरला 9.0 संपतो. थोडक्यात, मध्यापासून प्रत्येक 0.8 मिलिमीटरला एक दशांश कापला जातो. काका लक्ष देऊन ऐकत असतील तर ते म्हणतील, दहाच्या कडीची त्रिज्या 5.2, मग आठ कसे? कारण गोळीला स्वतःची त्रिज्या आहे, 2.8. गोळीची कड रेषेला टेकते तेव्हा तिचा मध्य 5.2 अधिक 2.8 बरोबर 8 मिलिमीटरवर असतो. इतकी सुबक बेरीज क्रीडानियमांत क्वचित सापडते.

या बदलानं खेळ किती पालटला, हे एका बनवलेल्या उदाहरणानं दाखवतो. समजा, पहिल्या मुलीच्या साठही गोळ्या 10.2. एकही दहाबाहेर नाही. दुसरीच्या अठ्ठावन्न गोळ्या 10.5 आणि दोन चुकून 9.8. जुन्या हिशेबात पहिलीचे 600, दुसरीचे 598, पहिली जिंकली. नव्या हिशेबात पहिलीचे 612.0. दुसरीचे 609.0 अधिक 19.6, म्हणजे 628.6. दुसरी तब्बल साडेसोळा गुणांनी पुढं. आधी 'चूक करू नका' हा खेळ होता, आता 'मधे मारत राहा' हा खेळ आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर नवी पद्धत जास्त न्याय्य आहे, पण 600 पैकी 600 मधला तो पूर्णपणा गेला तो गेलाच. 654 कुणीही मारणार नाही.

आता भाचीचे 603.4 वाचता येतील. साठनं भागा: सरासरी 10.06 च्या आसपास. म्हणजे तिच्या गोळ्या मध्यापासून साधारण सात मिलिमीटरवर पडतात. 628 गुणांची सरासरी काढली तर चार मिलिमीटरच्या किंचित आत येते. आमच्या मुलीत आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर मान वर करून उभं राहता येईल अशा शूटरमध्ये पन्नास मीटरवर तीन मिलिमीटरचा फरक आहे. मी हे तिला एकदा उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "हो मामा, आणि बहुतेक पाच वर्षांचा."

ही मोजणी आता माणसं करत नाहीत. इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या चौकटीत बसवलेले मायक्रोफोन गोळी आरपार जातानाचा आवाज टिपतात, तो प्रत्येक मायक्रोफोनला किती सूक्ष्म फरकानं ऐकू आला यावरून जागा काढतात, आणि शूटरशेजारच्या पडद्यावर ठिपका आणि आकडा उमटतो. कागदी टार्गेटच्या काळात भोकात गेज घालून, भिंग लावून रेषा शिवली की नाही ते बघत. आता पडद्यावरचा आकडा चुकीचा वाटला तर पुढची गोळी मारण्याआधी हात वर करायचा. मारून झाल्यावर तक्रार नाही.

साठ गोळ्यांचे दहा-दहाचे सहा गट, त्यांना सिरीज म्हणतात. भाचीच्या कागदावर असं होतं: 99.8, 101.6, 100.9, 97.3, 101.5, 102.3. काकांनी तिथल्या तिथं बेरीज करून पाहिली, बरोबर निघाली. योगायोगानं आणखी एका मुलीचे 603.4 च होते. अशा वेळी शेवटची सिरीज बघतात, ती सारखी असेल तर तिच्या आधीची, आणि तरीही सुटलं नाही तर शेवटच्या गोळीपासून मागं मागं एकेक गोळी. त्या मुलीची शेवटची सिरीज 100.8. भाची एका क्रमांकानं वर गेली. घरी मात्र सगळ्यांचं बोट 97.3 वर. "इथं काय झालं गो?"

तिथं वारा झाला.

ही गोळी आवाजापेक्षा थोडी संथ जाते, पन्नास मीटर पार करायला सेकंदाचा साधारण सहावा भाग घेते. तेवढ्यात आडवा वारा तिला ढकलतो. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा वारा, ज्याला आपण गॅलरीत बसून 'छान हवा सुटलीय' म्हणतो, तो गोळी दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकवतो. वरच्या हिशेबात घाला: दोन सेंटिमीटर म्हणजे अडीच गुण. गंमत अशी की ती सरळ आडवी सरकत नाही. नळीतल्या पीळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत जाते, आणि या फिरकीमुळे डावीकडचा वारा तिला उजवीकडं ढकलताना थोडं खालीही नेतो, उजवीकडचा वारा डावीकडं नेताना थोडं वर. घड्याळाच्या भाषेत चार आणि दहा. हा उजव्या पिळाच्या नळीचा हिशेब, आणि बहुतेक रायफली तशाच असतात.

रेंजवर दहा आणि तीस मीटरवर छोटे झेंडे लावलेले असतात, वारा कळावा म्हणून. स्वतःचं आणलेलं निशाण लावायला मनाई आहे. शूटर एका डोळ्यानं नेम आणि उरलेल्या लक्षानं झेंडे बघतो. झेंडा नेहमीसारखा लोंबतोय तोवर मारायचं. उठला तर तीन पर्याय: थांबायचं, मागच्या साइटचे, म्हणजे डोळ्याशी असलेल्या भोकाचे, क्लिक फिरवून दिशा बदलायची, किंवा चित्र मुद्दाम डग्ग्यासारखं करून, वारा येतो त्या बाजूला नेम धरून मारायचं. थांबण्यात धोका घड्याळाचा. पन्नास मिनिटांत साठ गोळ्या म्हणजे एकीला पन्नास सेकंद. क्लिकमध्ये धोका असा की तुम्ही क्लिक फिरवेपर्यंत वारा पडतो.

भाचीच्या सदतिसाव्या गोळीला दहा मीटरवरचा झेंडा शांत होता. तिनं तेवढाच बघितला. तीस मीटरवरचा डावीकडून ताठ उभा होता. पडद्यावर ठिपका उमटला तो घड्याळाच्या चारवर, 8.1. मी मागं प्रेक्षकांत बसून दुर्बिणीतून दोन्ही झेंडे बघत होतो, आणि ओरडून सांगायची सोय नव्हती. बाहेरून कुणीही काही सांगणं मना आहे. शूटर लाइनवर असताना फक्त रेंज ऑफिसर किंवा पंचांशी बोलू शकतो. प्रशिक्षकाशी बोलायचं तर रायफल रिकामी करून, ऑफिसरला सांगून लाइन सोडायची. घड्याळ चालूच.

क्रम सोपा आहे. आधी पंधरा मिनिटं तयारीची, त्यात हव्या तितक्या चाचणीच्या गोळ्या, त्यांना साइटर म्हणतात आणि त्या मोजत नाहीत. मग हुकूम होतो, टार्गेट शून्यावर आणतात, आणि 'मॅच फायरिंग, स्टार्ट'. तिथून साइटर बंद, सुटेल ती गोळी गुणांत. शेवटी 'स्टॉप' आणि 'अनलोड'. रायफल चालवायची नसते तेव्हा तिच्या कोठीत नारिंगी किंवा तसाच भडक रंगाचा दोरा घातलेला असतो, लांबूनही दिसावं की आत काडतूस नाही. हा दोरा न घालता कुणी तरी लाइन सोडली, तेव्हा पहिल्यांदा मी ऑफिसरला खरोखर रागावलेलं पाहिलं. नियमभंगाला कार्डं आहेत: पिवळं म्हणजे ताकीद, हिरवं म्हणजे दोन गुण कापले, लाल म्हणजे बाहेर. फुटबॉल बघणाऱ्या आपल्या लोकांना मधलं हिरवं कार्ड नेहमी गोंधळात टाकतं. पहिल्या स्पर्धेत मला वाटलं होतं कुणाला तरी शाबासकी मिळाली.

एक चूक अशी आहे की तिच्यावर मला अधिकारवाणीनं बोलता येतं. शेजारच्या टार्गेटवर गोळी मारणं. कॉलेजात एनसीसीत असताना आम्हाला पॉइंट टू टू मिळाली, लेट पोझिशन म्हणजे झोपून, पाच गोळ्या. माझ्या टार्गेटवर चार भोकं निघाली आणि शेजारच्याच्या टार्गेटवर सहा. शेजारचा खूश. हवालदार खूश नव्हते. आडवं पडल्यावर समोरची सगळी टार्गेटं सारखी दिसतात, वर लेनचा आकडा असतो पण तो दर वेळी वाचायची शिस्त लागते. स्पर्धेत अशी गोळी शून्य धरली जाते. दहा गुण एका झटक्यात गेले, म्हणजे स्पर्धाच गेली.

हे फक्त एनसीसीच्या पोरांना होतं असं नाही. 2004, अथेन्स ऑलिंपिक. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स दोनच दिवसांपूर्वी प्रोनचं सुवर्ण जिंकलेला. थ्री पोझिशनच्या, म्हणजे तीन पद्धतींनी मारायच्या प्रकाराच्या, अंतिम फेरीत तो तीन गुणांनी पुढं, शेवटची गोळी बाकी. त्यानं मारली, पडद्यावर काहीच उमटलं नाही. तो दोन नंबरच्या लेनवर होता आणि गोळी तीन नंबरच्या टार्गेटला लागली होती. शून्य. आठ जणांत आठवा. सुवर्ण चीनच्या जिया झानबोला गेलं. काकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, आणि मग म्हणाले, "उत्तर बरोबर, पण प्रश्नाचा क्रमांक चुकीचा घातला." चाळीस वर्षं पेपर तपासलेला माणूस.

प्रोन आता ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र नाही. 2016 चं रिओ शेवटचं. तिथलं सुवर्ण जर्मनीच्या हेन्री युंगहॅनेलला मिळालं. स्त्री-पुरुषांना समान संधी म्हणून मिश्र सांघिक प्रकार आणले गेले आणि त्यांना जागा करून देताना पुरुषांचा प्रोन गेला. बायकांचा तर त्या वेळी ऑलिंपिकमध्ये नव्हताच. जागतिक आणि राष्ट्रीय स्पर्धांत तो चालू आहे. शिवाय थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही पद्धतींनी मारावं लागतं, त्यामुळे प्रोन आल्याशिवाय गत्यंतर नाही. 2024 च्या पॅरिसमध्ये त्याच प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 451.4 गुणांवर कांस्य आणलं. आणि निव्वळ प्रोनचं नाव घ्यायचं तर कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतचं: 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 600 पैकी 597, विश्वविजेती. नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. भाचीच्या खोलीत तिचं वर्तमानपत्रातून कापलेलं चित्र आहे, भाची तेव्हा जन्मली होती की नव्हती, त्याच सुमाराचं.

काकूंनी शेवटी एक विचारलं, आणि तो प्रश्न मला कुणी अजून विचारला नव्हता: मग वारा नसेल तेव्हाच का नाही मारत? मारतात ना. शूटर जास्त आणि लेन कमी असल्या की गट पाडतात, त्याला इथं सगळे डिटेल म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको, सकाळी आठला नारळाचं झावळं हलत नाही आणि अकरा वाजून गेले की समुद्राकडची हवा सुटते. पहिल्या डिटेलला जो तबला दिसतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या डिटेलला दिसेलच असं नाही. पण कोण कुठल्या डिटेलला, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं.

पुढच्या स्पर्धेची यादी परवा आली. भाचीची डिटेल साडेअकराची आहे.